नागपाड्यातलं मिशनचं घर

अमेरिकन मराठी मिशन हे मुंबईतलं जुनं मिशन. गॉर्डन हॉल 1813 साली इथं उतरले, मग शाळा, छापखाना, चर्च उभं राहिलं. 1926 साली मात्र या मिशननं वेगळंच काम हाती घेतलं. नागपाड्याच्या दाट वस्तीत मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती शेजारी शेजारी राहत. तिथं डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ चालवायला घेतलं. वाचनालय, वर्ग, खेळ, आणि दार सगळ्यांना उघडं. कुणाचा धर्म बदलायला ते आले नव्हते. मला हेच त्यांचं सर्वांत मोठं ख्रिस्ती काम वाटतं.

याच घरात 1936 साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशावर समाजकार्याची शाळा सुरू झाली. मॅन्शार्टच तिचे पहिले संचालक. 1944 मध्ये तिचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि 1954 मध्ये ती देवनारला गेली. पण त्याआधी, 1937 साली, या शाळेनं देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र काढलं. मूल घरी ऐकत नाही, शाळेत बसत नाही, म्हणून आई घेऊन येते. तर एकट्या मुलालाच तपासायचं नाही, घरदार समजून घ्यायचं, ही त्या कामाची रीत. पुढे ही रीत रुग्णालयांतही आली: 1946 साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, आणि 1948 पासून टाटा संस्थेत या कामाचं खास शिक्षण मिळू लागलं. नंतर मीही तेच शिकले.

ती रीत किती खरी, हे मला परळच्या रुग्णालयातल्या नोकरीत कळलं. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पुढची कित्येक वर्षं लालबाग-परळच्या बाया ओपीडीत येत. “डोकं जड होतं, बाई. झोप नाही. छातीत धडधडतं.” केसपेपरवर तेवढंच असे. चाळीत गेलं की बाकीचं दिसे: नवरा पितो, थोरल्यानं शाळा सोडली, वाण्याची उधारी थकली, आणि या सगळ्याबद्दल त्या बाईनं कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही. शेजारच्या खोलीतही नाही, कारण चाळीत भिंतीला कान. गोळी लागायचीच, पण गोळीआधी कुणीतरी तासभर बसून ऐकायला हवं असे.

त्याच परळात, केईएम रुग्णालयात, डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकार विभाग वाढवला आणि पतंजलीच्या योगसूत्रांवर बेतलेली उपचारपद्धती रुग्णांवर वापरून पाहिली. मिशनच्या घरातून आलेली समाजसेवा आणि पतंजली एकाच आवारात, गरिबांसाठी! मुंबईचं हे वैभव फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आमच्या मंडळीत कुणी खचलं की अजूनही पाळकसाहेबांना बोलावतात. ते यायलाच हवेत. प्रार्थनेनं माणसाला धीर येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण धीर हा सुरुवातीचा आधार आहे, उपचार नव्हे. “परवडेल असा आपला ख्रिस्ती समुपदेशक सांगा,” असं मला भायखळ्या-दादरचे लोक विचारतात. त्यांना मी सांगते, आधी चांगला समुपदेशक शोधा. तो आपल्या चर्चचा असायलाच हवा असं नाही. ज्यांनी हा मार्ग इथं घातला त्यांनीही कुणाला धर्म विचारला नव्हता.

पाळकांना माझी एक विनंती आहे. उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये महिन्यातून एकदा महापालिका रुग्णालयातल्या मनोविकार विभागाचा उल्लेख करा, आणि 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक वाचून दाखवा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.