घंटा, घास आणि भीती



धार काढायला बसताना चरवी वाजली, की कित्येक गाई तेवढ्यानेच पान्हा सोडतात. आचळाला अजून हातही लागलेला नसतो! हे आपण रोज पाहतो. पण असं का होतं, याचा पद्धतशीर शोध घेतला गेला तो दूर रशियात, आणि तोही कुत्र्याच्या लाळेवरून.

इव्हान पावलॉव्ह यांचा जन्म १८४९ सालचा. सेंट पीटर्सबर्ग येथे ते पचनक्रियेचा अभ्यास करीत. त्याच कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या गालातून लाळ नळीवाटे बाहेर घेऊन ते तिचे थेंब मोजत. तोंडात अन्न पडले की लाळ सुटायचीच. ते उपजत असते. पण अन्न आणणाऱ्या माणसाची नुसती पावले वाजली तरी लाळ सुटू लागली! दुसरा कोणी असता तर ‘ही काय नसती अडचण’ म्हणून सोडून देता. पावलॉव्ह यांनी मात्र पुढचे सारे आयुष्य याच कोड्याला वाहिले.

गवयाला लय दाखवणारे टकटक यंत्र आधी वाजवायचे आणि लगेच अन्न द्यायचे. असे काही वेळा झाले, की नुसत्या टकटकीने लाळ सुटे. पुढे अन्न देणे बंद केले, की लाळ हळूहळू आटे. खोटी हाक किती दिवस चालणार? पण शिकलेले साफ पुसले जात नसे. थोड्या विश्रांतीनंतर तीच टकटक ऐकली, की लाळ पुन्हा थोडी सुटे.

आता माणसाचं पाहा. १९२० साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. त्याने उंदराला हात लावला, की मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळा असे झाले, आणि बाळ उंदीर दिसताच रडू लागले. पुढे सशालाही भिऊ लागले. ही भीती काढून न टाकताच प्रयोग संपला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही.

पण १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी उलटी वाट दाखवली. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला जाई. मग रोज थोडा थोडा जवळ. अखेर पीटर त्याच सशाला कुरवाळू लागला.

गुरुजी आणि बाई, यात आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या मारझोडीला मनाई केली. पण फळ्यापाशी चुकलेल्या पोराला वर्ग हसला, तर तेही हातोड्यासारखेच. भीती त्या हसण्याची असते; चिकटते मात्र गणिताला. ती काढायची तर ‘घाबरू नकोस’ म्हणून भागत नाही. सोपे उदाहरण, एक शाबासकी, आणि गणित रोज थोडे जवळ. सशासारखे!