जेर महालातील चहा आणि मटण स्ट्रीटवरील खुर्ची

मुंबईच्या धोबीतलाव चौकात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यांवर गोव्यातील निरनिराळ्या गावांचे क्लब वसले. गोवेकर त्यांना ‘कूड’ म्हणतात. बोटीवरील नोकरीच्या प्रतीक्षेत असलेले तारवटी येथे एका पेटीनिशी मुक्काम करीत आणि सायंकाळी वेदीपुढे एकत्र रोझरी म्हणत. याच इमारतीच्या तळमजल्यावर १९०४ साली ‘कयानी आणि कंपनी’ हे इराणी चहाचे दुकान सुरू झाले. सकाळच्या पहिल्या चहासाठी या खलाशांना रस्तादेखील ओलांडावा लागत नसे. मुंबईकर ख्रिस्ती माणसाच्या आठवणीत इराण्याचे हॉटेल हमखास डोकावते, ते अशा शेजारामुळे.

हे इराणी कोण? पारशांप्रमाणेच तेही जरथुष्ट्राचे अनुयायी. परंतु पारशांचे पूर्वज हजार वर्षांहूनही आधी गुजरात किनाऱ्यावर उतरले, तर यांनी प्रामुख्याने एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत इराणच्या यझ्द आणि केरमान या प्रांतांतून स्थलांतर केले. तेथे त्यांना जिझिया कर भरावा लागे, अवहेलना सोसावी लागे. त्यात १८७०–७२ च्या भीषण दुष्काळाची भर पडली. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला धाडले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ साली हा कर रद्द झाला. तरीही स्थलांतर थांबले नाही. एकाने मुंबईत दुकान टाकावे, गावाकडच्या भाच्याला वा पुतण्याला बोलावून गल्ल्यावर किंवा भट्टीवर बसवावे, आणि त्याने हात बसल्यावर स्वतःचे दुकान काढावे, अशा रीतीने हा व्यवसाय नात्यागोत्यांतून शहरभर पसरला.

इराण्याचे दुकान बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावर असे. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत म्हणून ती स्वस्तात मिळे, असे सांगतात. असेलही; परंतु दोन रस्त्यांवरून दिसणारे आणि दोन्ही बाजूंनी उजेड येणारे दुकान कोणता व्यापारी नाकारील? आत संगमरवरी टेबले, काचेच्या बरण्यांत बिस्किटे, आणि भिंतींवर मोठे आरसे, ज्यांतून गल्ल्यावरच्या मालकाला सारे गिऱ्हाईक दिसावे. ब्रुन-मस्का आणि ‘पाणी कम’ चहा घेऊन कोणत्याही जातिधर्माचा मनुष्य तेथे बसे. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे याची विचारपूस करणे हा इराण्याचा धंदा नव्हता. सूचनांच्या पाट्या मात्र विपुल! त्यांवर कवी निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच रचली.

पण मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे ते त्या खुर्चीविषयी. वाफेने लाकूड वाकवून बनविलेली ही खुर्ची मूळची युरोपातील. मिखाएल थोनेट नावाच्या जर्मन सुताराने व्हिएन्नात येऊन ही कला सिद्धीस नेली, आणि मोरावियातील बीच वृक्षांच्या रानाजवळ कारखाना काढला. १८५९ साली आलेल्या त्याच्या चौदा क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे अवघे ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट होते. सुटे भाग करून एका घनमीटर पेटीत ३६ खुर्च्या मावत. त्यामुळे ती जहाजाने जगभर गेली. १८६९ साली पेटंटची मुदत संपल्यावर इतर कारखानेही तशा खुर्च्या बनवू लागले. हलकी, स्वस्त, आणि स्क्रू सैल झाला तर आवळून पुन्हा वापरता येणारी अशी ही वस्तू इराण्याच्या काटकसरी संसारात चपखल बसली.

पुढे काळ पालटला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी वाढली नाहीत आणि ही दुकाने तग धरू शकली. परंतु त्याच जागांचे मोल इतके चढले की चहा विकण्यापेक्षा जागा सोडणे फायद्याचे ठरू लागले. उडप्यांची उपाहारगृहे आली. मुले शिकली, परदेशी गेली. पहाटे भट्टी पेटविण्यास घरात कोणी उरले नाही. त्या मुलांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. बापानेच त्यांना शाळेत घातले होते. एकेक दुकान मिटले. धोबीतलावचे बस्तानीही गेले.

दुकान मिटले की सामानाची वाट ठरलेली असे: चोर बाजारातील मटण स्ट्रीट. तेथील जुन्या वस्तूंची दुकानेही पिढीजात. बाप पितळेच्या दिव्याची पारख करतो, मुलगा तो घासून उजळतो. इराण्याची खुर्ची, टेबलाचा संगमरवर, बेल्जियन आरसा तेथे नव्या किमतीने विकला जाऊ लागला. लंडनमध्ये २०१० साली इराणी हॉटेलांच्या धर्तीवर ‘दिशूम’ हे उपाहारगृह निघाले, आणि तशाच खुर्च्यांवर बसून चहा पिण्यासाठी लोक तेथे रांगा लावू लागले.

ग्रँट रोड स्थानकासमोर १९१४ साली स्थापन झालेले मेरवान २०१४ च्या मार्चअखेर बंद होणार, अशी वार्ता आली, तेव्हा मावा केकसाठी अशीच गर्दी उसळली होती. काही आठवड्यांनी दुकान पुन्हा उघडले. कयानीत मात्र सकाळी अजूनही खुर्च्या मांडल्या जातात, आणि पहिले गिऱ्हाईक ‘पाणी कम’ सांगून वर्तमानपत्र उघडते.