सतरंजी नदीवर का जात असे?

कळमनुरीच्या परिसरात पूर्वी घराची जमीन बहुधा दोन प्रकारची असे: शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची. (शहाबाद आज कर्नाटकात आहे, पण 1948 पर्यंत ही दोन्ही गावे निजामाच्याच राज्यात होती.) शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्यावर बादलीभर पाणी ओतले तरी तो फुगत नाही. सारवलेल्या जमिनीवर मात्र पाणी सांडले की चिखल! म्हणून मळलेली सतरंजी घरात धूत नसत. ती कयाधूवर किंवा विहिरीवर न्यायची, आपटून धुवायची आणि खडखडीत वाळल्यावरच आत आणायची.

युरोपातील गालिचे जड, पुष्कळदा जमिनीला खिळ्यांनी ठोकलेले. त्यामुळे तेथे सफाईच गालिच्यापाशी न्यावी लागली. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवेच्या ओढीने धूळ खेचणारे यंत्र बनवले. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे त्याच्याच यंत्राने साफ झाले. ते यंत्र कोरडे होते. पुढे गालिच्यात गरम पाणी सोडून लगेच ओढून घेणारी यंत्रे आली. पण सगळे पाणी ओढले जात नाही. तळाशी ओल राहतेच.

आता लॅमिनेट फरशी पाहू. ती 1977 साली स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीत जन्मली. दिसायला सागवानी, पण ते सागवान म्हणजे छापील कागद! त्यावर मेलामाइन रेझिनचा थर आणि खाली लाकडाच्या तंतूंचा घट्ट दाबलेला गाभा. वरचा थर पाणी पीत नाही, पण सांधे पितात. तंतूंतील सेल्युलोजचे हायड्रॉक्सिल गट पाण्याचे रेणू धरून ठेवतात, तंतू फुगतात आणि दाबलेली रचना सैल पडते. वाळल्यावरही पट्टी मूळ जाडीवर येत नाही. या बाबतीत सारवलेली जमीन बरी. ती पुन्हा सारवता येते.

शाळेच्या संगणक कक्षात अशी फरशी असेल, तर गालिचा उचलून बाहेरच धुवावा. उचलता येत नसेल, तर आधी कोरडी धूळ काढून घट्ट पिळलेल्या फडक्याने थोडा थोडा भाग पुसावा आणि कडा दुमडून खालच्या फरशीवर पंख्याचा वारा सोडावा. खाली प्लास्टिक अंथरले असेल तर काम होताच काढावे, नाहीतर ओल अडकून बसते.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. लॅमिनेट पट्टीचे दोन तुकडे घ्या. एकाच्या चारही कापलेल्या कडांना मेण लावा. दोन्ही एक दिवस पाण्यात ठेवा. कडेची जाडी व्हर्नियरने आधी, बाहेर काढल्यावर आणि आठवडाभर वाळल्यानंतर मोजा.