दोन कायदेपंडित आणि एक विज्ञान महाविद्यालय

दान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर धर्मशाळा, अन्नछत्र किंवा नदीचा घाट उभा राहतो. विद्येसाठीं केलेलें दानही बहुधा इमारतीच्या रूपानेंच दिसतें. दात्याचें नांव दारावर कोरलें कीं कार्य सिद्धीस गेलें, असें आपण समजतों. कलकत्त्याच्या दोन कायदेपंडितांनीं विज्ञानासाठीं जें दिलें, त्याचा इतिहास मात्र कांहीं निराळेंच सांगतो.

गेल्या शतकाच्या आरंभीं आपलीं विद्यापीठें मुख्यतः परीक्षा घेत. शिकविण्याचें काम महाविद्यालयांकडे असे, आणि सरकारी महाविद्यालयांतील वरिष्ठ जागा बहुतेक युरोपियनांकडे. जगदीशचंद्र बसु १८८५ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले, तेव्हां त्यांना युरोपियन सहकाऱ्यांहून कमी वेतन देऊं केलें गेलें. त्यांनीं तीन वर्षें तें घेतलेंच नाहीं. पण काम सोडलें नाहीं.

हा अपमान पैशानें पुसतां येईल काय? बॅरिस्टर तारकनाथ पालित यांना तसें वाटलें असावें. १९१२ सालीं त्यांनीं जमीन व रोकड मिळून सुमारें १५ लाख रुपये कलकत्ता विद्यापीठाच्या स्वाधीन केले. पुढच्याच वर्षीं रासबिहारी घोष यांनीं १० लाख दिले. कुलगुरु सर आशुतोष मुकर्जी यांनीं २७ मार्च १९१४ रोजीं विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविली. पालितांच्या देणगींतून पदार्थविज्ञान व रसायन यांचीं दोन अध्यासनें निघालीं. घोषांच्या देणगींतून गणित, पदार्थविज्ञान, रसायन व वनस्पतिशास्त्र यांचीं चार, आणि शिवाय संशोधक विद्यार्थ्यांसाठीं वृत्त्या. अट एकच महत्त्वाची होती: प्राध्यापक एतद्देशीयच असला पाहिजे.

आतां अध्यासनाचें मर्म पाहा. मूळ रक्कम तशीच राहते आणि तिच्या व्याजांतून प्राध्यापकाचें वेतन निघतें. दरसाल कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारी अर्थखात्यांत अधिकारी होते. कचेरीच्या आधीं आणि नंतर ते बहुबाजारांतील एका प्रयोगशाळेंत प्रयोग करीत. ही प्रयोगशाळा डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनीं १८७६ सालीं लोकवर्गणींतून स्थापिलेल्या संस्थेची. पालित अध्यासन त्यांना मिळालें, पण परदेशीं शिक्षण घेण्याचा नियम आड आला. रामन यांनीं जाण्यास साफ नकार दिला, आणि आशुतोषांनीं तो नियम त्यांच्यापुरता बाजूस सारला. अधिक पगाराची नोकरी सोडून १९१७ सालीं रामन प्राध्यापक झाले. १९२८ सालचा त्यांचा शोध बहुबाजारांतच लागला, आणि १९३० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. एका दानानें वेतन दिलें, दुसऱ्यानें प्रयोगशाळा!

दानानें सर्व कांहीं साधलें असें मात्र नव्हे. सरकारी अनुदानाच्या मागण्या बहुतेक निष्फळ ठरल्या, आणि महायुद्धाच्या काळांत उपकरणें मिळणें कठीण होतें. तरीही मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बसु यांच्यासारखे तरुण अध्यापक येथेंच पुढें आले. साहा यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आयनीभवनाच्या सिद्धान्तामुळें ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लागूं लागला.

या कथेचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. घोष अध्यासनाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर. १९१४ सालीं ते अभ्यासासाठीं जर्मनीस गेले आणि महायुद्धामुळें तेथेंच अडकले. अध्यासन त्यांची वाट पाहत राहिलें! परत येऊन त्यांनीं तें १९४६ पर्यंत सांभाळलें. आणि त्याच वर्षीं पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना करून तिचे ते पहिले संचालक झाले. १९९२ पासून तिची संशोधनसंस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

रासबिहारी घोष यांनीं पुण्याच्या या संस्थेची कल्पनाही केली नसेल. त्यांनीं दगडविटांपेक्षां माणसांच्या निर्वाहाची तरतूद केली होती. आणि माणूस गांवीं परततो, तेव्हां शिकलेलें सोबत घेऊन येतो.