आजोबांची रेकॉर्ड कोणत्या यंत्रावर लावायची?

इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की बेळगाव, जुन्या मराठी घराच्या माळ्यावर कधी ना कधी एक पत्र्याची पेटी सापडते. आत खाकी कागदाच्या पाकिटांतल्या काळ्या तबकड्या. काही जाड, जड, हातातून पडल्या तर कपबशीसारख्या फुटणाऱ्या. काही हलक्या, थोड्या वाकणाऱ्या. मग नातवंडं विचारतात, प्लेअर कोणता घ्यावा? दुकानदार पट्टावाला की डायरेक्ट ड्राइव्ह, ब्लूटूथ आहे की नाही, हे सांगायला लागतो. माझं म्हणणं एवढंच, की यंत्रांची तुलना करण्याआधी तबकडी हातात घेऊन बघा. प्रत्येक यंत्र त्याच्या काळातल्या तबकडीसाठी जन्मलं आहे. जोडी चुकली तर आवाज वाईट येतो, ते सोडा. तबकडी खरवडली जाते आणि ते नुकसान भरून येत नाही.

आधी जड तबकडीकडे वळू. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला. त्यानं गौहर जान आणि इतरांचं गाणं मुद्रित केलं, पण तबकड्या छापून यायच्या त्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात छपाई १९०८ साली सुरू झाली. गंमत म्हणजे तबकडीचा जीव असलेली लाख मुळात आपलीच. छोटा नागपूरच्या जंगलातल्या किड्यांची. लाखेच्या बांगड्या आणि गौहर जानची तबकडी एकाच घरच्या म्हणायच्या.

त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी घातलेली असे. ती का, हे समजलं की जुना ग्रामोफोन समजला. त्या यंत्रात वीज नाही, ॲम्प्लिफायर नाही. कर्ण्यातून जो आवाज येतो त्याची सगळी ताकद पिन खाचेतून थरथरत जाते त्यातूनच काढायची. म्हणून पिनेवर साउंडबॉक्सचा भार, शंभर ग्रॅमच्याही वर. एवढ्या भाराखाली कोणी तरी झिजणार. ते पिनेनं झिजावं म्हणून ही भुकटी: पहिल्या काही फेऱ्यांत पोलादी पीन घासून खाचेच्या आकाराची होई आणि एक बाजू संपली की ती फेकून नवी लावायची. आजी पिनांची डबी जपून ठेवायची, ती काटकसर नव्हती, गरज होती. काटकसर करून तीच पीन दहा वेळा वापरली त्या घरातल्या तबकड्या आज करड्या पडलेल्या दिसतात.

फिरवण्याचं काम चावीच्या स्प्रिंगचं. स्प्रिंग सुरुवातीला जोरात ओढते, सुटत आली की मंदावते. मग वेग एकसारखा कसा? त्यासाठी आत पातळ पट्ट्यांवर बसवलेली छोटी वजनं गरगरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते आणि नमद्याच्या किंवा चामड्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरते. वाफेच्या इंजिनावरचीच युक्ती ही. मला ती नंतरच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक करामतींपेक्षा जास्त आवडते.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीनं मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची व्हायनिल तबकडी आणली आणि हिशोबच बदलला. दहा इंची जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटं मावायची; आता एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक. हे जमलं खाच बारीक केल्यामुळे. ७८च्या तबकडीला लागणाऱ्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं, म्हणजे मिलिमीटरचा पाऊण-दशांश भाग. एलपीची सुई सुरुवातीला २५ मायक्रॉन, पुढे स्टीरिओसाठी १८च्या आसपास. आणि भार? चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम पुरतात. व्हायनिल मऊ असतं, त्यात दगडाची भुकटी नाही. त्यावर चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पीन एकदा जरी फिरली तरी गाणं गेलं. उलट बाजूनं, एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत भिंतींना टेकत नाही, तळाशी साचलेल्या धुळीतून लोळत जाते. त्यातून येते ती खरखर, आणि लोक म्हणतात रेकॉर्ड खराब झाली! ती कदाचित धडधाकट असेल, सुई चुकीची आहे.

आपल्याकडे हा घोटाळा जास्त होतो याला कारण आहे. पश्चिमेत ७८ची तबकडी १९६०पर्यंत जवळजवळ संपली. भारतात ती पुढेही निघत राहिली, बीटल्सची गाणीसुद्धा इथं ७८वर छापली गेली. त्यामुळे एकाच पेटीत दोन युगं नांदतात.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ: थाळी फिरवतं कोण? विजेची मोटर आल्यावर पहिलं उत्तर होतं रबरी चाक. मोटरचा दांडा पायऱ्यापायऱ्यांचा, आणि त्याच्या व थाळीच्या आतल्या कडेच्या मधे एक रबरी धावेचं छोटं चाक. पायरी बदलली की वेग बदलला. इंग्लंडमध्ये स्विंडनला तयार झालेलं, १९५०च्या दशकातलं गॅरार्ड ३०१ याच जातीचं. ओढ जबरदस्त आणि ३३, ४५, ७८ असे तिन्ही वेग. दोष असा, की मोटरची थरथर त्याच चाकातून थाळीत आणि तिथून सुईत पोचते; शांत आलापामागे खालच्या पट्टीतली घरघर ऐकू येते. यंत्र बंद करताना चाक दाबलेलं राहिलं तर रबराला खड्डा पडतो, मग प्रत्येक फेरीला ठोका. जुनं यंत्र विकत घेताना हे चाक बोटानं फिरवून बघा, बाहेरची चकाकी नंतर.

दुसरं उत्तर पट्टा. मोटर लांब ठेवायची आणि रबरी पट्ट्यानं थाळी ओढायची. थरथर पट्ट्यातच जिरते. एडगर विलचरनं १९६१ च्या एआर टर्नटेबलमध्ये आणखी एक शहाणपण केलं. थाळी आणि टोनआर्म दोन्ही एकाच चौकटीवर बसवून ती स्प्रिंगांवर तरंगती ठेवली, मोटर मात्र बाहेरच्या पाटीवर. कोणी खोलीत पाय आपटून चाललं तरी थाळी आणि सुई एकत्रच हलतात, म्हणून सुई उडत नाही. आजही मध्यम किमतीची बहुतेक यंत्रं पट्ट्याचीच. पट्टा मात्र सैल होतो, आपल्या उन्हाळ्यात लवकरच, आणि मग सूर डुलायला लागतो.

तिसरं उत्तर जपानचं. मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांच्या चमूनं मोटर आणि थाळी यांच्यातला मध्यस्थच काढून टाकला: मोटर स्वतःच मिनिटाला ३३ फेऱ्या इतकी सावकाश फिरते. एसपी-१० हे यंत्र १९७०चं, टेक्निक्स एसएल-१२०० हे १९७२चं, आणि त्याची १९७९ची एमके२ आवृत्ती क्वार्ट्झच्या ठोक्यांनी वेग धरून ठेवणारी, पाऊण सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेणारी. म्हणूनच डीजे लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण हे सर्वांत प्रसिद्ध यंत्र आजोबांच्या पेटीपुढे अर्धंच उपयोगी, कारण एमके२ला ७८चा वेगच नाही! २०१६ नंतरच्या एसएल-१२००जीला आहे. तेव्हा खरेदी करताना वेगाचं बटण आधी, ड्राइव्हचा प्रकार मग.

सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरबद्दल थोडक्यात. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं, भार चार-पाच ग्रॅमच्या घरात, तो कमी-जास्त करायची सोय नाही. एकदा वाजवल्यानं आभाळ कोसळत नाही. पण ७८चं बटण असूनही सुई एलपीचीच, हे बॉक्सवर कोणी लिहीत नाही. बाजारातून नवीन मिळणारी एलपी त्यावर लावा हवं तर. जी तबकडी दुसरीकडे मिळणार नाही, ती नको. चुंबकीय कार्ट्रिज घेतलंत तर त्याचा आवाज अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा असतो आणि त्याला फोनो प्रीॲम्प लागतो. तो आवाज मोठा करतो आणि मुद्रणाच्या वेळी मुद्दाम कमी केलेला खर्ज परत भरतो.

राहिला वेग. नेमके ७८ फेरे हे बरंच नंतर ठरलं. पहिल्या दोन-तीन दशकांतल्या तबकड्या कोणी ७४ला कापल्या, कोणी ८०ला. ७४ची तबकडी ७८वर लावली तर गाणाऱ्याची पट्टी जवळजवळ एक अर्धस्वर चढते, लयही पळते. पांढरी एकमध्ये गाणारा माणूस काळी एकमध्ये गातो आणि आपण म्हणतो, काय पातळ आवाज होता तेव्हाचा. वेग बारीक बदलता येणारं यंत्र म्हणूनच मोलाचं. आणि साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर मदतही मिळते, कारण तिच्या पट्ट्या ठरलेल्या. घरची पेटी शेजारी घ्या. तबकडीवरचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे लटकत असेल तर तो जवळच्या पट्टीवर येईपर्यंत वेग थोडा थोडा कमी-जास्त करत न्या. कधी दोन जागी जुळतं. तेव्हा गायकाचा श्वास आणि तबल्याची थाप कुठे स्वाभाविक वाटते ते ऐका, आणि सापडलेला वेग पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.