काचेच्या भट्टीतून निघालेले विज्ञान

विज्ञानाचा इतिहास बहुधा ज्यांची नावे ग्रंथांवर छापली जातात त्यांचाच लिहिला जातो. भट्टीपाशी उभा राहणारा, मिश्रण ढवळणारा, आच डोळ्यांनी ओळखणारा माणूस त्या इतिहासाच्या दाराबाहेरच राहतो. आम्ही शाळा-कॉलेजांत फारसे शिकलेलो नाही. कामगारांच्या संघटनेत वावरताना जे वाचले आणि जाणत्यांना विचारून जे समजून घेतले, तेवढीच आमची विद्या. अर्धसंवाहक द्रव्यांचे अतिसूक्ष्म कण आणि तंतू यांचा इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा त्याचे पहिले पान भट्टीच्या उजेडात लिहिलेले आहे हे आमच्या ध्यानात आले. म्हणून आज आपल्यापुढे हा विषय मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून ती वाहत नाही. सिलिकॉनसारखी काही द्रव्ये या दोहोंच्या मधली असतात. त्यांना अर्धसंवाहक म्हणतात. त्यांतले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात आणि प्रकाशाचा पुरेशा जोराचा कण आदळला तरच ते मोकळे होतात. हा जोर किती लागेल हे द्रव्यागणिक ठरलेले असते. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी याच तत्त्वावर सिलिकॉनचा सूर्यघट करून दाखवला. पडलेल्या उन्हातील सुमारे ६ टक्के ऊर्जेची त्याने वीज केली. पुढे १९६१ साली शॉकले आणि क्वाइसर यांनी गणित मांडून दाखवले की, एकाच द्रव्याच्या अशा घटाला उन्हाच्या सुमारे एक तृतीयांशापलीकडे मजल मारता येणार नाही. कारण उघड आहे. प्रकाशाचा दुबळा कण इलेक्ट्रॉनला सोडवू शकत नाही, आणि जोरकस कणाचा वरकड जोर उष्णता होऊन वाया जातो. ही मर्यादा लक्षात ठेवावी. पुढची सारी खटपट तिच्याशीच आहे.

आता भट्टीकडे वळू. कॅडमियमची सल्फाइड व सेलेनाइड ही संयुगे घातलेली काच ओतली म्हणजे प्रथम फिकट दिसते. तीच पुन्हा तापवली की पिवळी, मग नारिंगी आणि अखेर लाल होते. आच किती द्यावी आणि ती किती वेळ द्यावी, हे काचकामगारांना अनुभवाने ठाऊक होते. मसाला तोच असताना रंग का पालटतो, या प्रश्नाचे पुरे उत्तर मात्र पुष्कळ काळ मिळालेले नव्हते.

हा प्रश्न सोव्हिएत रशियात लेनिनग्राडच्या वाव्हिलोव्ह संस्थेत ॲलेक्सी एकिमोव्ह यांनी हाती घेतला. त्यांनी काचेत तांब्याचे क्लोराइड घातले, ती ५०० ते ७०० अंश उष्णतेवर एक तासापासून ९६ तासांपर्यंत तापवली, आणि काचेत तयार झालेले स्फटिक क्ष-किरणांनी मोजले. काही स्फटिक २ नॅनोमीटर इतके लहान होते, तर काही ३० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १९८१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, स्फटिक जितका लहान तितका त्याने शोषलेला प्रकाश निळ्या बाजूला सरकतो. तंबोऱ्याची तार आखूड केली की स्वर चढतो, तसेच काहीसे येथे घडते. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा अपुरी पडली की त्याला मोकळे करण्यास अधिक जोर लागतो. द्रव्य न बदलता केवळ आकारमान बदलून त्याचा गुण बदलता येतो, ही गोष्ट अशी सिद्ध झाली.

त्या काळी जग दोन तटांत विभागलेले होते. रशियन नियतकालिकातील हा निबंध पलीकडे पोचला नव्हता. बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस यांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे आढळली. कॅडमियम सल्फाइडचे कण द्रावणात तरंगत ठेवून ते काम करीत होते. द्रावण टेबलावर तसेच राहिले, कण वाढले आणि त्यांचा प्रकाशगुण पालटला. १९८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पण हवे त्या मापाचे आणि एकसारखे कण करण्याची रीत अजून सापडायची होती. ती १९९३ साली एमआयटी या संस्थेत मौंगी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. कढत द्रावकात पिचकारीने मसाला एकदम सोडायचा, तापमान उतरले की नवे कण धरणे थांबते, मग पुन्हा बेताने तापवून ते हव्या त्या मापापर्यंत वाढवायचे. म्हणजे काचकामगाराचेच ते जुने शास्त्र, आच आणि वेळ! या तिघांना २०२३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जस्ताच्या सल्फाइडच्या अशा कणांवर दीर्घ काळ संशोधन केले आहे.

तंतूंची कथा याहून जुनी आहे. १९६४ साली बेल प्रयोगशाळेतच वॅग्नर आणि एलिस यांनी सिलिकॉनवर सोन्याचा बारीकसा कण ठेवला, तो तापवला आणि वरून सिलिकॉनयुक्त वायू सोडला. सोने व सिलिकॉन मिळून एक द्रव थेंब झाला. थेंबाने वायूतील सिलिकॉन पोटात घेतले, आणि तृप्त झाल्यावर ते खाली स्फटिकरूपाने सोडले. अशा रीतीने थेंबाखाली तंतू उभा वाढत गेला. थेंब जितका बारीक तितका तंतू बारीक. १९९८ साली हार्वर्डमध्ये लीबर आणि मोरालेस यांनी हीच वाट धरून काही नॅनोमीटर जाडीचे तंतू काढले.

याचा ऊर्जेशी संबंध काय? २००२ साली बर्कली येथे ॲलिव्हिसॅटोस यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या सूक्ष्म कांड्या प्लास्टिकसारख्या द्रव्यात मिसळून सूर्यघट केला. त्याची कार्यक्षमता १.७ टक्के भरली. २०१३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंडियम फॉस्फाइडच्या तंतूंचा घट झाला. त्यात तंतूंनी पृष्ठभागाचा जेमतेम १२ टक्के भाग व्यापला होता, तरी १३.८ टक्के कार्यक्षमता मिळाली. म्हणजे थोडक्या मालात पुष्कळ काम. २०२० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात सूक्ष्मकणांच्या घटाने १६.६ टक्क्यांचा पल्ला गाठला. विद्युत्घटांच्या बाबतीत, २००८ साली स्टॅनफर्ड येथे यी क्वी यांच्या गटाने सिलिकॉनचे तंतू वापरून दाखवले. सिलिकॉन ग्रॅफाइटच्या दसपटीहून अधिक विद्युत्भार साठवू शकते, पण भरताना चौपट फुगते आणि तडकते. तंतू मात्र फुगूनही शाबूत राहिले.

आणि ती एक तृतीयांशाची मर्यादा? २०११ साली अमेरिकेत कोलोरॅडोतील राष्ट्रीय प्रयोगशाळेत शिसे-सेलेनाइडच्या कणांवर जोरकस प्रकाश टाकला असता, १०० प्रकाशकणांमागे ११४ इलेक्ट्रॉन मिळाले. वरकड जोर उष्णतेत न दवडता त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन सुटला. ऊर्जा शून्यातून आली, असा याचा अर्थ नव्हे. त्या घटाची एकूण कार्यक्षमता बेताचीच होती. भिंतीला भगदाड पडू शकते एवढेच सिद्ध झाले. ते अजून पडलेले नाही. छपरांवर आज जे घट दिसतात ते मुख्यतः साध्या सिलिकॉनचेच आहेत.

येथवर आनंदाची बाजू झाली. परंतु ज्या द्रव्यांची नावे आम्ही घेतली त्यांत कॅडमियम आहे, शिसे आहे. कॅडमियम काय करते हे जपानने भोगून पाहिले आहे. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून कॅडमियम पाण्यात उतरत होते. त्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन मुख्यतः प्रौढ स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही ती मोडत. त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’. सरकारने कॅडमियमचा दोष मान्य केला तो १९६८ साली, आणि रुग्णांना न्यायालयात अखेरचा विजय मिळाला १९७२ साली. तोवर कित्येकजणी गेल्या होत्या.

युरोपने २००६ पासून विद्युत् उपकरणांत कॅडमियम एका शतांश टक्क्यावर जाऊ नये असा निर्बंध घातला, आणि रसायनतज्ज्ञ इंडियमसारख्या पर्यायांकडे अधिक जोमाने वळले. कायद्याचा रेटा बसला की विज्ञानालाही वाट सापडते, याचा हा दाखला. पण २०११ च्या सुधारित कायद्यात कायमच्या बसवलेल्या सूर्यपट्ट्या मात्र या निर्बंधातून वगळल्या गेल्या. स्वच्छ विजेसाठी सवलत, असे तिचे समर्थन होते. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सूर्यपट्ट्यांचा समावेश झाला, हे योग्य झाले. तरी नियम कागदावर असतो, आणि जुनी पट्टी फोडणारा माणूस हातोडा घेऊन भंगाराच्या दुकानात बसलेला असतो.

कोणी म्हणेल, कामगार चळवळीतली माणसे प्रत्येक नव्या शोधात खोडच काढतात. हा आरोप आम्हाला मान्य नाही. कोळशाच्या धुराने छाती भरलेली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. उन्हाची वीज आम्हाला कोणाहूनही अधिक हवी आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे की, घटाची कार्यक्षमता मोजताना त्याचा मसाला कालवणाऱ्याचे रक्तही तपासले जावे, आणि घट निकामी झाल्यावर तो कोण, कोठे आणि कशाने उघडणार हे तो विकण्यापूर्वीच ठरावे. नवे द्रव्य कारखान्यात येईल तेव्हा त्याचे नाव, त्याचा गुण आणि त्याचा दोष कामगाराला त्याच्या भाषेत सांगितला जावा. ही माहिती मागण्याचा अधिकार त्याला आहे, आणि ती मिळेतो पाठपुरावा करणे हे आपणा सर्व नागरिकांचे काम आहे.