हीटर प्लगची कुळकथा : मानहाइम ते आकुर्डी

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी पडत नाही. पिस्टनने दाबलेली हवा ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असले की ही उष्णता सिलिंडरच्या गार भिंती शोषून घेतात, आणि ती तूट भरून काढण्यासाठी काही सेकंद विजेने लाल होणारी जी पेन्सिलीएवढी कांडी वापरतात, तिला ग्लो प्लग किंवा गॅरेजच्या बोलीत हीटर प्लग म्हणतात. लेण्याद्रीच्या पायथ्याशी, कुकडीच्या खोऱ्यात, हिवाळ्यातही बर्फ पडत नाही. तरीही पुणे जिल्ह्यातील या जुन्नर-आंबेगाव भागाच्या रस्त्यांवरील गाड्यांना या प्लगची गरज का पडली, याचे उत्तर हवामानापेक्षा इंजिनाच्या घडणीच्या इतिहासात सापडते.

हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट यांच्या १८९०च्या पेटंटमधील तेल-इंजिन सुरू करण्यापूर्वी त्याचा एक भाग बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. रुडोल्फ डिझेल यांचे १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी ठरलेले इंजिन केवळ दाबाच्या उष्णतेवर चाले, पण ते अवजड आणि संथ होते. ते लहान व वेगवान करण्याची वाट मानहाइमच्या बेंझ कंपनीतील प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९च्या पेटंटने दाखवली : सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये, एक छोटी खोली, म्हणजे पूर्वकक्ष, ठेवून ज्वलनाची सुरुवात तिथे करायची. या रचनेने इंजिनाचा आवाज व धक्का कमी झाला, मात्र पूर्वकक्षाच्या भिंतींमुळे उष्णता अधिक वाया जाऊ लागली, आणि त्या नुकसानीची भरपाई म्हणून हीटर प्लग आला. बॉश कंपनीने १९२२ पासून असे प्लग बनवले, आणि १९३६ साली मर्सिडीज-बेंझच्या २६० डी या गाडीबरोबर पूर्वकक्षाचे डिझेल इंजिन प्रवासी मोटारीत स्थिरावले.

पुणे जिल्ह्यात डिझेल इंजिन आधी शेतात रुळले. खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची संथ, जड चाकाची इंजिने विहिरींवर हँडल मारून सुरू होत आणि त्यांना हीटर प्लग लागत नसे. तो लागला तो प्रवासी जीपगाड्यांना : १९८०च्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजचे ओएम ६१६ हे पूर्वकक्षाचे इंजिन परवान्याने बनवले आणि ते ट्रॅक्स गाडीत बसवले. पुढे १९९८ साली आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही अशाच स्वतंत्र कक्षात फवारणी होती. अशा इंजिनांना २० अंशांच्या हवेतही प्लगचा आधार लागतो, तर थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या इंजिनांना तो मुख्यतः शून्याच्या आसपास लागतो. म्हणून जुन्नरची पहाट जर्मनीइतकी गार नसूनही प्लग इथे आवश्यक ठरला.

जुन्या प्लगमध्ये उघडी जाड तार असे आणि सर्व प्लग एकामागून एक अशा एकाच मंडलात जोडलेले असत, त्यामुळे एक तुटला की सगळेच थंड पडत. नंतरच्या प्लगमध्ये तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बंदिस्त झाली आणि प्रत्येक प्लगला वेगळा प्रवाह मिळू लागला. एक प्लग जळाला तरी गाडी सुरू होते, फक्त सुरुवातीला थरथरते व पांढरा धूर सोडते; म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते आणि तोवर प्लगच्या टोकाभोवती काजळी घट्ट बसते.

बदलण्याच्या कामातील सगळी काळजी याच काजळीमुळे घ्यावी लागते. मल्टिमीटरवर चांगल्या प्लगचा रोध सहसा एक-दोन ओमपेक्षा कमी येतो, तर तुटलेल्यातून प्रवाहच जात नाही. काढण्यापूर्वी प्लगच्या आट्यांवर गंज सोडवणारे तेल मुरवून इंजिन गरम करावे आणि पाना बळाने न फिरवता थोडा पुढे, थोडा मागे असा सोडवावा, कारण प्लग हेडमध्येच तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते. नवा प्लग घालण्यापूर्वी भोक साफ करावे, तो उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावा (१० मिलिमीटर आट्यांसाठी हा टॉर्क सुमारे १५ न्यूटन-मीटर असतो) आणि सर्व प्लग सारखेच जुने असल्यास ते एकदमच बदलावेत. आधुनिक इंजिनांत प्लग गाडी सुरू झाल्यावरही काही काळ तापत राहून धूर कमी करतो. पूर्वकक्ष मोटारींतून जवळजवळ गेला, तरी त्याच्यासाठी घडवलेला हा भाग स्वच्छ ज्वलनाच्या कामी टिकून राहिला.